कैफियत कोणी द्यायची?

सावनेरचे नाव मराठी वाचकाच्या कानी पडते ते बहुधा राम गणेश गडकऱ्यांमुळे. १९१९ च्या जानेवारीत याच गावी त्यांनी देह ठेवला आणि तेव्हापासून आमच्या वाङ्मयाच्या इतिहासात या गावाला एक उदास जागा मिळून गेली. परंतु ज्यांचा या तालुक्याशी रोजचा संबंध आहे त्यांच्या लेखी सावनेर म्हणजे कापसाचे जिन, संत्र्यांच्या बागा आणि जमिनीखालचा कोळसा. पाळी सुटण्याच्या वेळेस रस्त्याच्या कडेला क्षणभर उभे राहिले, तर काजळल्या चेहऱ्यांची माणसे घराकडे परतताना दिसतात, आणि या गावाचे अन्न कोठून येते हे कोणाला सांगावे लागत नाही.

अशाच एका खाणीत लोडर म्हणून खाली उतरणारे एक गृहस्थ माझ्या शेजारी राहत असत. आळीतील लहानथोर सर्व त्यांना काकाजी म्हणत. छताचा दगड सुटून त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, त्या वेळी त्यांनी चाळिशीही गाठलेली नव्हती. कित्येक महिने इस्पितळात काढून, जयपूर पाय बसवून घेऊन ते परतले, तेव्हा त्यांना खाली न पाठविता वरच्या लॅम्प रूममध्ये घेण्यात आले. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या टोपीवर जो दिवा असतो, तो पाळी सुरू होण्यापूर्वी याच खोलीच्या खिडकीतून द्यावयाचा, पाळी सुटल्यावर परत घ्यावयाचा, त्याची बॅटरी चार्जिंगच्या फळीवर लावावयाची आणि नंबराचा बिल्ला त्याच नंबराच्या खुंटीवर अडकवावयाचा, असे ते काम. वर्कशॉपमधील एका वेल्डरने त्यांच्यासाठी लोखंडी पाइपाचे एक उंच स्टूल जोडून दिले होते; त्याला पाठ होती आणि तुटक्या पायाच्या बाजूला टेकू देणारी एक आडवी पट्टी होती. त्या स्टुलावर बसून खिडकीतून दिवे देणारे काकाजी मी पाहिले आहेत. एकदा मी त्यांना सहज विचारले की हे काम खालच्या कामापेक्षा हलके वाटते काय, त्यावर भिंतीवरील रिकाम्या खुंट्यांच्या ओळींकडे बोट दाखवून ते म्हणाले, "खाली किती मानसं हायेत, हे पह्यले मले समजते जी. खुंटी रिकामी, म्हंजे मानूस खाली."

लोकांचे प्राण ज्या हिशेबावर अवलंबून आहेत तो हिशेब सांभाळणारा हा मनुष्य आपल्या नोकरीविषयी बोलू लागला की मात्र एकच वाक्य उच्चारीत असे: साहेबांनी ठेवून घेतले. साहेब देवमाणूस होता, त्याच्या मेहेरबानीने चूल पेटत राहिली, अशी त्यांची अखेरपर्यंत समजूत होती. तो साहेब भला होता यात मला शंका नाही. परंतु ज्या काळात ही घटना घडली त्या काळी काकाजींना कामावर ठेवणे हा मेहेरबानीचा विषय राहिलेलाच नव्हता. देशाच्या संसदेने तसा कायदा करून काही वर्षे लोटली होती, आणि ती गोष्ट ना काकाजींना कोणी सांगितली, ना बहुधा त्या साहेबालाही ठाऊक होती. हक्काची वस्तू उपकार म्हणून स्वीकारीत एक संबंध आयुष्य निघून गेले, ही गोष्ट मला फार लागते. हा लेख त्याच दुःखातून निघाला आहे.

शरीराच्या व्यंगावरून मनुष्याचा अधिकार ठरविण्याची चाल आपल्याकडे पुरातन आहे. धृतराष्ट्र ज्येष्ठ असूनही अंधत्वामुळे त्याचे राज्य पांडूकडे गेले, ही कथा सर्वांना ठाऊक असते; परंतु त्याच कुळात दोन पिढ्या आधी शंतनूचा थोरला भाऊ देवापी त्वचेच्या रोगामुळे सिंहासनास मुकला, प्रजेने आणि ब्राह्मणांनी त्याच्या अभिषेकास हरकत घेतली आणि वृद्ध पिता प्रतीप अश्रू ढाळीत राहिला, ही कथा फारशी कोणाच्या स्मरणात नसते. पुराणकथा बाजूस ठेवून धर्मशास्त्राकडे वळावे तर तेथेही हाच नियम व्यवहाराच्या भाषेत लिहिलेला सापडतो. याज्ञवल्क्याने वारसाहक्कातून ज्यांना वगळले त्यांत पंगू आहे, अंध आहे, उन्मत्त आहे, असाध्य रोगाने ग्रासलेला आहे. या सर्वांना अन्नवस्त्र द्यावे, मात्र वाटणीचा हिस्सा देऊ नये, असा तो दंडक. चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आपल्या सरहद्दीला लागून असलेल्या आजच्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने याच स्मृतीवर मिताक्षरा लिहिली, आणि महाराष्ट्रातील घराघरांच्या वाटण्या शतकानुशतके तिच्याच आधारे होत राहिल्या. १९२८ साली इंग्रजी अमदानीत एक छोटा कायदा होऊन यातील बहुतेक अपात्रता उठल्या, तरी जन्मतः वेडसर वा मतिमंद असणाऱ्यांची अपात्रता शिल्लक राहिली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने रोग, व्यंग वा विकृती यांपैकी कोणत्याही कारणास्तव वारसा नाकारता येणार नाही असे एकदाचे सांगून टाकले. पोटाला घाला, पण हिस्सा मागू देऊ नका, हा जो जुन्या दंडकाचा गाभा, तो मात्र कायदा उठल्यावरही आमच्या मनातून उठला नाही, आणि नोकरीच्या क्षेत्रात तर तो अगदी अलीकडेपर्यंत उजळ माथ्याने वावरत होता.

१९९५ साली संसदेने अपंग व्यक्तींच्या समान संधीचा कायदा केला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो अमलात आला. सरकारी नोकरीत तीन टक्के जागा राखून ठेवण्याची त्यातील तरतूद गाजली, आणि तिच्या हिशेबावरून पुढे अठरा वर्षे तंटेही झाले. परंतु माझ्या दृष्टीने त्या कायद्याचे खरे रत्न सत्तेचाळिसाव्या कलमात होते. सेवेत असताना ज्याला अपंगत्व आले त्याला कामावरून काढता येणार नाही, त्याचा दर्जा खाली आणता येणार नाही. तो आपले पूर्वीचे काम करू शकत नसेल तर त्याच पगारावर आणि त्याच सेवाशर्तींवर त्याला झेपेल असे दुसरे काम द्यावे, आणि तसे पद रिकामे नसेल तर ते रिकामे होईपर्यंत अथवा तो निवृत्त होईपर्यंत त्याच्यासाठी एक अधिसंख्य पद निर्माण करून त्याला त्यावर ठेवावे, असे ते कलम सांगत होते. सरकारने विशिष्ट आस्थापनांना अधिसूचनेने सूट दिली असेल तर गोष्ट निराळी. एरवी हा हुकूम होता, विनंती नव्हे.

या कलमाची कसोटी लागली ती दोन सामान्य माणसांच्या दाव्यांत. एका सुरक्षा दलातील शिपायाचा पाय कापावा लागला, आणि त्याला अपात्र ठरवून, निवृत्तिवेतन देऊन घरी पाठविण्यात आले. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निवृत्तिवेतन दिले म्हणून नोकरीचा हक्क बुडत नाही. दुसरी हकीकत पंजाबच्या वीज मंडळातील एका साहाय्यक लाइनमनची. सेवेत असताना तो संपूर्ण आंधळा झाला. आपल्याला आता कोण ठेवणार, अशा समजुतीने त्याने स्वतःच अर्ज केला की मला निवृत्त करा आणि माझ्या जागी माझ्या पत्नीला नोकरी द्या. मंडळाने अर्जातील पहिला भाग तत्परतेने मान्य केला आणि दुसरा बाजूस ठेवला. प्रकरण २००८ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले, तेव्हा न्यायमूर्तींनी त्याच्या अर्जाला त्याची संमती मानण्यास साफ नकार दिला. त्याला त्याचे हक्क समजावून सांगणे हे वरिष्ठांचे कर्तव्य होते, आणि ते न करता त्याच्या अज्ञानाचा आधार घेऊन त्याला वाटेला लावण्यात आले, अशा आशयाचे कठोर शब्द त्या निकालपत्रात आहेत.

हा दुसरा निकाल आमच्या कोळशाच्या मुलखातील प्रत्येक घराने वाचावा असे मला वाटते. कोळसा उद्योगाच्या वेतन करारात फार दिवसांपासून एक कलम आहे की कामगार कायमचा अपंग होऊन कामास अपात्र ठरला, तर ठरावीक अटींवर त्याच्या एका आश्रिताला नोकरी मिळावी. या कलमाने कित्येक कुटुंबे तरली आहेत, आणि ते करवून घेणाऱ्या कामगार संघटनांविषयी माझ्या मनात आदर आहे. परंतु त्याची एक दुसरी बाजू घराच्या ओसरीवर दिसते. बाप पंचेचाळिशीचा, हात तुटलेला. मुलगा विशीचा, बेकार. आणि सगळे गणगोत बापाला सांगते की तू अनफिट हो, पोराचे आयुष्य मार्गी लागू दे. बाप मान डोलावतो. नोकरी घरातच राहते, पगारही येतो, तरीही त्या दिवसापासून तो मनुष्य खाटेवर बसतो तो बसतोच, आणि त्याला विचारल्यावाचून घरातील निर्णय होऊ लागतात. यात मुलाचा दोष काढणे अन्यायाचे होईल. पण बापापुढे खरोखर दोन रस्ते आहेत, वरच्या कामावर राहण्याचाही त्याला अधिकार आहे, हे त्याला त्या वेळी कोणीतरी नीट समजावून सांगितलेले असावे, इतके तरी आपण मागितले पाहिजे.

१९९५ चा कायदा जाऊन त्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कविषयक कराराला मान्यता दिली होती. त्या वचनाची ही पूर्तता. दिव्यांग या शब्दाविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. या शब्दात गौरव आहे असे सरकारला वाटते, आणि अनेकांना तो आवडतोही. परंतु आमच्यात दिव्य असे काही नाही, आम्हांला फक्त आत येऊ द्या, असे म्हणणारी माणसेही पुष्कळ आहेत आणि मला त्यांचे म्हणणे पटते. कायद्याचा शब्द म्हणून मी तो वापरतो.

जुन्या कायद्यात सात प्रकार होते ते नव्यात एकवीस झाले, तीन टक्क्यांचे चार टक्के झाले, सेवेत अपंगत्व आलेल्याला मिळणारे संरक्षण विसाव्या कलमात कायम राहिले. तथापि या कायद्याने खरी क्रांती केली ती दुसरीकडेच. तिसऱ्या कलमात तो म्हणतो की अपंगत्वाच्या कारणावरून कोणाशीही भेदभाव करता येणार नाही; आणि केलाच, तर ते कृत्य एखाद्या न्याय्य उद्देशासाठी आवश्यक होते आणि त्या उद्देशाच्या प्रमाणाबाहेर गेलेले नव्हते, हे दाखवून द्यावे लागेल. शिवाय, दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने काम करता यावे म्हणून जो लहानसहान फेरबदल आवश्यक आहे, आणि ज्याचा अवाजवी बोजा पडत नाही, तो नाकारणे हाच भेदभाव होय, असे या कायद्याने व्याख्येतच घालून ठेवले. या फेरबदलाला मी वाजवी तजवीज म्हणेन. काकाजींचे लोखंडी स्टूल ही वाजवी तजवीज होती. वेल्डरने ती जुन्या पाइपांतून अर्ध्या दिवसात केली होती.

याचा अर्थ असा की पूर्वी कचेरीच्या दारात उभे राहून आपल्या शरीराची कैफियत अपंग मनुष्याने द्यावयाची असे: मला हे जमते, ते जमते, माझ्यामुळे कोणाला त्रास होणार नाही, एकदा घेऊन तर पाहा. आता कैफियत देण्याची पाळी कचेरीवर आली आहे. जिना का आहे, उतार का नाही, टेबल का हलविता येत नाही, कामाची वेळ अर्ध्या तासाने का बदलता येत नाही, याचे उत्तर तिने द्यावयाचे, आणि तेही लेखी.

यातील वजन प्रांजल पाटील यांच्या हकीकतीवरून ध्यानी येते. उल्हासनगरच्या या मुलीची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांचा ७७३ वा क्रमांक आला आणि रेल्वेच्या लेखा सेवेत त्यांची निवड झाली. परंतु संपूर्ण अंधत्वाच्या कारणास्तव रेल्वेने त्यांना घेण्याचे नाकारले. त्या पुन्हा परीक्षेस बसल्या, १२४ वा क्रमांक मिळवून भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या, आणि २०१९ च्या ऑक्टोबरात तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. जमाखर्चाची वही पाहता येणार नाही म्हणून जिला परत पाठविले, तिच्या हाती एका राजधानीच्या शहराचा महसुली कारभार सोपविला गेला, आणि तो चालला. परंतु या कथेचा गौरव करताना आपण नेहमी एक गोष्ट विसरतो. ७७३ वा क्रमांकही पुरेसा होता. दुसऱ्यांदा एवढे श्रम करून आपली लायकी सिद्ध करण्याचे ओझे त्यांच्या डोळस सहकाऱ्यांपैकी कोणावर पडले?

न्यायालयांनी गेल्या काही वर्षांत हा धागा पुढे नेला आहे, आणि त्यात मराठी न्यायमूर्तींचा वाटा मोठा आहे हे नमूद करताना मला आनंद होतो. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराला, त्याचे अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या मर्यादेत बसत नाही म्हणून, परीक्षेत लेखनिक नाकारण्यात आला होता. २०२१ साली न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी निकाल दिला की चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे, वाजवी तजवीज ही प्रत्येक दिव्यांगाला मिळाली पाहिजे. २०२४ च्या ऑक्टोबरात न्यायमूर्ती भूषण गवई, जे आमच्या अमरावतीचे, त्यांच्या अध्यक्षतेखालील पीठापुढे महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याचे प्रकरण आले. त्याच्या वाचेत दोष होता, टक्केवारी चाळिसाच्या वर होती, आणि तेवढ्यावरून त्याला वैद्यकीय शिक्षणास अपात्र ठरविले होते. केवळ आकड्यावरून अपात्रता ठरत नाही, तो अभ्यासक्रम पुरा करू शकेल किंवा नाही हे मंडळाने प्रत्यक्ष तपासले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. आणि ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक दार उघडले: दृष्टिहीन उमेदवाराला न्यायाधीशपदाच्या परीक्षेतून केवळ दृष्टीअभावी वगळता येणार नाही.

टक्केवारीचा हा जो व्यवहार आहे त्याने किती माणसे पोळली आहेत हे खेड्यापाड्यांतून नागपूरच्या मेयो किंवा मेडिकल इस्पितळात दाखल्यासाठी हेलपाटे घालणाऱ्यांना विचारावे. अडतीस टक्के लिहून आलेला मनुष्य आरक्षणाच्या आणि योजनांच्या बहुतेक दारांबाहेर राहतो, बेचाळीसवाला आत जातो, आणि दोघांच्या चालण्यात पाहणाऱ्याला काडीचाही फरक दिसत नाही. कोठेतरी रेघ मारावी लागते हे मला मान्य आहे. मात्र कार्डावर चाळीस नसले तरी कायद्याचे तिसरे कलम आपल्यासाठीही आहे, हे त्या अडतीसवाल्याला कोणी सांगत नाही.

विदर्भाच्या दृष्टीने या नव्या कायद्यातील सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत कमी चर्चिली गेलेली, गोष्ट म्हणजे त्याच्या एकवीस प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. हा रक्तातील विकार आपल्या भागातील अनेक समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडांतून, सांध्यांतून असह्य कळा उठतात; अंगातील पाणी कमी झाले, एकदम गारठा लागला, अतिश्रम झाले, की हा झटका येण्याचा संभव वाढतो. झटका नसतो त्या दिवशी मनुष्य चारचौघांसारखा दिसतो, आणि हेच त्याचे दुर्दैव ठरते. कुबडी दिसली की लोक बाजूला होऊन वाट देतात. न दिसणाऱ्या वेदनेला कामचुकारपणा हे नाव मिळते. त्यात कायद्यानेही एक मोठी उणीव ठेवली आहे: सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे एकवीसांत मोजले, पण नोकरीतील चार टक्क्यांच्या वाटणीत त्यांना जागा दिली नाही. ज्या प्रदेशात हा विकार इतका पसरलेला आहे त्या प्रदेशाच्या लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न लावून धरावयास हवा. तोपर्यंत त्यांच्या हाती भेदभावाविरुद्धचे संरक्षण आणि वाजवी तजविजीचा हक्क, एवढेच आहे. तेवढेही थोडे नाही, वापरले तर.

खाजगी नोकरीचे चित्र अधिक अंधुक आहे. विसाव्या कलमातील स्पष्ट मनाई सरकारी आस्थापनांपुरती आहे. खाजगी मालकाने समान संधीचे धोरण जाहीर करावे, वीस किंवा अधिक माणसे असतील तर त्यात दिव्यांगांना योग्य अशा जागाही नमूद कराव्यात, अशी अपेक्षा आहे. आमच्या तालुक्यातील बहुसंख्य माणसे जिनमध्ये, संत्र्यांच्या पॅकिंगवर, वीटभट्टीवर, दुकानांत कामे करतात. तेथे धोरणाचा कागद कोठे लावणार आणि तो वाचणार कोण? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. चार टक्के सरकारी जागा त्यांतील किती हातांना पुरणार याचा अंदाज वाचकाने स्वतःच करावा.

नोकरी मिळण्याआधी कचेरीपर्यंत पोचावे लागते. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, पाणी साचते, म्हणून जोते उंच बांधण्याची रीत पडली. तीन फुटांचे जोते आणि त्याला पाच-सहा पायऱ्या हे इकडच्या इमारतींचे सर्वसाधारण रूप आहे. चाकाची खुर्ची स्वतःच्या बळावर चढवावयाची तर एक फूट उंचीला बारा फूट उतार लागतो, म्हणजे तीन फुटांच्या जोत्याला छत्तीस फूट. मी एका कचेरीत, जिचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, असा उतार पाहिला आहे की जो जेमतेम सात पावले लांब होता आणि त्यावर तीन मोटरसायकली उभ्या होत्या. कागदोपत्री तेथे रॅम्प आहे. इमारती सुगम करण्यासाठी कायद्याने दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ च्या जूनमध्ये संपली. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही मानके ऐच्छिक सूचना म्हणून ठेवता येणार नाहीत, सक्तीचे नियम करा. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, २०२३ च्या ऑक्टोबरात, मुंबईत खार येथे चाकाच्या खुर्चीवरील एका नववधूला विवाहनोंदणीसाठी दुसऱ्या मजल्यावरील कचेरीत उचलून न्यावे लागले, कारण लिफ्ट नव्हती आणि अधिकारी खाली यावयास राजी नव्हता. नागपूरचेच असलेल्या तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. राजधानीत ही अवस्था, तर तालुक्याच्या गावी एसटीच्या पहिल्या पायरीपाशी कुबड्या सावरीत उभ्या असलेल्या माणसाला सवलतीच्या पासाचा उपयोग किती, हे निराळे सांगावयास नको. तिकिटात पंचाहत्तर टक्के सूट आहे. पायरी पूर्वीइतकीच उंच आहे.

मग दाद कोठे मागावी? महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग काढला. राज्याचे दिव्यांग आयुक्त पुण्यास बसतात आणि त्यांना चौकशीच्या कामी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी केलेली शिफारस ज्या खात्याला मान्य नसेल त्याने तीन महिन्यांत कारणे कळविली पाहिजेत. परंतु सावनेरहून पुणे सातशे किलोमीटरांवर आहे, आणि त्याआधी एक जवळची पायरी कायद्याने ठेवलेली आहे जिची माहिती फारच थोड्यांना असते. प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावा, त्याच्यापाशी तक्रारींची नोंदवही असावी, आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत चौकशी व्हावी, असे तेविसावे कलम सांगते. तेथे समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते.

या कलमाची ओळख मला पुस्तकातून झाली नाही. आमच्याच आळीतील एक मुलगी, वाणिज्य शाखेची पदवीधर, सिकलसेलची रुग्ण, एका कचेरीत कंत्राटावर टंकलेखनाचे काम करते. गेल्या उन्हाळ्यात तिचे टेबल कूलरच्या थेट झोतासमोर आले. नागपुरी उन्हातून चालत येऊन घामाघूम अंगाने त्या गारठ्यात बसले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिचे पाय दुखू लागत, मग सुटी, मग पगारातून कपात. टेबल भिंतीकडे हलवावे आणि मधून मधून पाणी पिण्यास उठू द्यावे, एवढेच तिचे मागणे. तिला उत्तर मिळाले की सर्वांना कूलर हवा असतो, तुलाच नको असेल तर घरी बस.

एका संध्याकाळी ती कार्डाची झेरॉक्स घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, अर्ज लिहून द्या." मी लिहू लागलो तो आपल्या पिढीच्या सवयीने. मेहेरबान साहेबांच्या सेवेशी, सविनय, कृपावंत होऊन, असे शब्द लेखणीतून आपोआप उतरले. तिने कागद हातात घेतला, कृपावंत होऊन यावर रेघ मारली, आणि खाली आपल्या अक्षरात लिहिले की टेबल हलविणे शक्य नसल्यास त्याचे कारण मला लेखी कळवावे.

दुसऱ्या दिवशी ती अर्ज देण्यास गेली तेव्हा तक्रार निवारण अधिकारी कोण हे बारनिशीच्या कारकुनाला ठाऊक नव्हते. त्याने दोघांना विचारले, एक फाइल उघडून पाहिली, आणि अखेर शिक्का मारून तिच्या प्रतीवर आवक नंबर टाकून दिला. ती प्रत तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली आहे. आज अकरावा दिवस आहे. टेबल अद्याप कूलरसमोरच आहे. परवा मात्र शिपाई टेप घेऊन आला होता आणि भिंतीपासूनचे अंतर मोजून गेला, असे ती सांगत होती.